पूजेला न बसलेली करवत

मी आजवर एकही वाद हरलेले नाही. हे वाक्य गर्वाचे वाटेल, पण ती निव्वळ नोंद आहे. जिने सारी नोकरी कर्जतच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात घालवली, जिच्यापुढे तपासणीला आलेली विद्यापीठाची अख्खी समिती निरुत्तर होऊन मुकाट्याने बटाटेवडे खात बसली, तिने नम्रतेचे सोंग आणणे हा वाचकांचा अपमान ठरेल. तेव्हा पुन्हा सांगते, मी वाद हरत नाही. गेल्या खंडेनवमीला झालेला वादही मी हरले नाही. मी जिंकले, आणि जिंकले म्हणूनच माझे सर्वस्व गेले!

सर्वस्व म्हणजे एक करवत. पेट्रोलवर चालणारी, साखळीची, जर्मन बनावटीची. लोक तिला कटर म्हणतात. लोक काहीही म्हणतात. साठच्या दशकात खालापूरच्या एका जंगल ठेकेदाराने ती परदेशातून मागवली, पण ती बंदरात उतरेपर्यंत त्याचा ठेकाच रद्द झाला आणि खोके तसेच्या तसे माळ्यावर गेले. त्याच्या नातवाकडून मी ती मिळवली तेव्हा साखळीवर कारखान्यातला मेणकागदही शाबूत होता. तिच्या टाकीत पेट्रोलचा थेंब गेला नव्हता. तिच्या दातांनी कधी काडीसुद्धा चावली नव्हती! निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रा करतात, गुडघे बदलतात, नातवंडांच्या शिकवण्या घेतात. मी जुन्या करवती जमवते. इतर तीन आहेत, पण त्या वापरलेल्या, चारचौघींसारख्या. ही मात्र पळसदरीच्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, मखमलीवर. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात.

माझा नवरा जगदीश तिला ‘दुसऱ्या सासूबाई’ म्हणतो. कारण विचारले तर म्हणतो, “एका जागी बसून असतात, त्यांना कोणी हात लावायचा नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांच्याभोवती दबकून चालायचं.” उपमा सदोष आहे, पण रेल्वेत गार्ड असलेल्या माणसाकडून निर्दोष उपमेची अपेक्षा मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडली.

आता मूळ वाद. संग्राहकाने न वापरलेले जुने यंत्र वापरावे की जपावे? माझे उत्तर स्वच्छ आहे. वापरलेल्या करवती जगात लाखो आहेत. न वापरलेली एखादीच उरते. पहिला वापर हा एकदाच होतो आणि तो कोणालाही परत घेता येत नाही. ह्या मताविरुद्ध ‘जुनी यंत्रे संग्राहक मंडळा’त एकच माणूस उभा राहिला. नेरळचा लाकूड व्यापारी झहीर. त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त करवती आहेत आणि तो त्या सगळ्या चालवतो. मंडळाच्या सभेत माझे भाषण संपल्यावर तो उठून म्हणाला, “मॅडम, न चालवलेली करवत म्हणजे कधी न बोललेला पोपट. पिंजरा भारी आहे, पण पोपटाचं काय?” सभा हसली! तर्कात दृष्टान्ताला किती मर्यादित स्थान आहे हे मी त्यानंतर पाऊण तास समजावून सांगितले. तेव्हा कोणी हसले नाही.

त्या सभेत माझ्या बाजूने ठाम उभे राहिले ते मंडळाचे अध्यक्ष, खालापूरचे भिवाजीराव. धोतर, काळी टोपी, आवाज देवळातल्या घंटेसारखा. त्यांचा जतनाचा पंथ माझ्याहून कडवा. “घराला आग लागली, तरी जतन केलेल्या घागरीने पाणी मारू नये!” असे ते म्हणाले आणि मला भरून आले. ह्याच भिवाजीरावांनी माझी करवत स्वतः येऊन तपासायची, ‘अस्पर्शित’ असा निवाडा द्यायचा, आणि दिवाळीच्या प्रदर्शनात ती मधोमध ठेवायची, असे ठरले. झहीरचे तोंड कायमचे बंद होणार होते. मी दिवस ठरवून टाकला. तो दिवस खंडेनवमीचा आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. खरे सांगायचे तर आले होते. त्याने काही फरक पडेल असे वाटले नाही.

*

सकाळी जगदीशने नेहमीप्रमाणे अंगणात पाट मांडला. कोयता, कुदळ, पाना, सुरी, विळी, माझ्या त्या चारचौघींसारख्या करवती, स्वतःची स्कूटर. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. नंतर तबक घेऊन तो काचेच्या कपाटापाशी आला.

“छाया, किल्ली.”

“कशाला?”

“सासूबाईंना बोट लावतो जरा. वर्षाचा सण आहे.”

“हळदीचा डाग धातूवरून जात नाही.”

“अगं, सगळ्यांना लावली. हिलाच नको?”

मी त्याला खाली बसवले आणि समजावले. खंडेनवमीची पूजा ही हत्याराची नसून श्रमाची असते. वर्षभर राबलेल्याला आज विश्रांती आणि मान. जिने आयुष्यात काडी चावली नाही तिला विश्रांती कशापासून देणार? “काम न करणारीची पूजा कसली?” मी म्हणाले. जगदीशने तबक खाली ठेवले. अंगणात फुले द्यायला आलेल्या शेजारच्या मोतीबाई दारातून म्हणाल्या, “बरोबर हाय बाईंचं. काम न करनारीची पूजा कसली!” मला समाधान वाटले. इतकी नेमकी सहमती मला समितीकडूनही मिळाली नव्हती.

दुपारी भिवाजीराव आले. सोबत पांढरे हातमोजे, भिंग आणि गंभीर चेहरा. चहा नाकारला, पोहे नाकारले. “आधी कर्तव्य,” ते म्हणाले. मग किंचित थांबून, “त्याहीआधी... देह निश्चिंत असला की डोळा स्वच्छ पाहतो.”

जगदीशने आतले दार दाखवले. भिवाजीरावांनी डोकावून पाहिले आणि मान हलवली. “मी पाश्चात्त्य बैठकीवर बसत नाही. जुनी पद्धत असेल तर सांगा.”

जुनी पद्धत परसात होती. सिमेंटची लहानशी खोली, वर स्लॅब, भिंतीत वीतभर जाळी, बाहेर उघडणारे दार. तिच्यावर जांभळाचे झाड झुकलेले. भिवाजीराव आत गेले, कडी लागल्याचा आवाज आला. त्याच सुमारास भिवपुरीच्या डोंगरावरून काळे ढग उतरले. परतीच्या पावसाला ह्या तालुक्यात कसलीच शिस्त नाही. एक वावटळ आली, वीज गेली, आणि जांभूळ कडाडले.

माणसाच्या मांडीहून जाड फांदी! एक टोक दाराला टेकून, दुसरे समोरच्या पाण्याच्या हौदात अडकलेले. दार असे दाबून बसली होती की सुताराला मापे देऊन केलेले काम वाटावे.

आतून घंटा वाजली, “छायाताई! दार उघडत नाही!”

*

प्रथम हातांनी. मी, जगदीश, मोतीबाई, आवाज ऐकून धावत आलेला त्यांचा मुलगा मनोज आणि आळीतली आणखी चार धडधाकट माणसे. फांदी हौदाच्या कठड्यात पाचरीसारखी बसली होती. ओढावी तितकी घट्ट होई. अध्यक्ष माझ्या संडासात, वीज नाही, पाऊस पुन्हा येणार, आणि निवाडा बाकी!

“मोतीबाई, तुमचा कोयता आणा,” मी म्हणाले.

मोतीबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांचे मंगळसूत्र मागितले. “आवो बाई, कोयता पाटावर बसलाय. हळद लागली, फूल वाह्यलं. आता उद्या सोनं लुटायच्या आदी त्याला उठवायचा कसा?”

“माणूस अडकला आहे!”

“मरतोय का?”

आतून उत्तर आले, “मी मरत नाही! पण मला इथे राहायचंही नाही!”

“बगा, चांगला बोलतोय की,” मोतीबाई म्हणाल्या. “मरत आसता तर देवाला हात जोडून उचललाच आसता. आमी काय रानटी हाय?”

मनोजकडे जेसीबी आहे. मी त्याच्याकडे वळले. तो आधीच मागे सरकला होता. “मॅडम, त्याला केळीचे खांब बांधलेत. बकेटमध्ये नारळ हाय. चालू केला तर ही आई मला घरात घेनार नाय.”

“नायच घेनार,” मोतीबाईंनी दुजोरा दिला.

अग्निशमन केंद्राला फोन लावला. पलीकडून शांत आवाज, “आग आहे का? जखमी आहे का? गॅस गळतो का? नाही? मग मॅडम, गाडीला आत्ताच हार घातलाय. आग असली तर निघू, देवीसुद्धा काही म्हणणार नाही. पण संडासाचं दार म्हणता...” मी फोन ठेवला. माझ्या त्या इतर करवती आणि विळीसुद्धा पाटावर होत्या. घरात त्या क्षणी टाचणीखेरीज टोकदार काही मोकळे नव्हते! साऱ्या कर्जत तालुक्यात धार असलेली प्रत्येक वस्तू झेंडू माळून विश्रांती घेत होती, आणि मंडळाचे अध्यक्ष जाळीतून एक डोळा लावून माझ्याकडे पाहत होते.

मग स्कूटरचा आवाज आला. झहीर! मी जगदीशकडे वळले.

“तू बोलावलंस?”

“तो नवमी पाळत नाही,” जगदीश पुटपुटला. “मी तर्क केला.”

नवऱ्याने तर्क करावा ह्याहून भयंकर काही नसते. झहीर उतरला, हात रिकामे. त्याने फांदी पाहिली, हौद पाहिला, जाळीतल्या डोळ्याला सलाम केला.

“करवत कुठे आहे?” मी थंडपणे विचारले.

“मॅडम, पूजा माझी नसते, पण माझ्या वखारीतल्या माणसांची असते. सकाळी सगळी यंत्रं त्यांनी पुजली, पेढे मीच वाटले. आता त्यांची पूजा मोडून मी करवत उचलून आणू? उद्या कुठल्या तोंडानं त्यांना कामावर बोलवू?”

ह्याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते देण्यासारखे नव्हते.

जांभळाच्या पानांवरून पाणी टपकत होते. आणि मग मोतीबाई, ज्यांच्याशी माझे वीस वर्षांत कधी भांडण झाले नाही, अत्यंत सहज म्हणाल्या,

“बाई, तुमची ती काचंतली कुटं पूजेला बसलीय?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

“तुमीच सकाळी म्हनलात नव्हं, काम न करनारीची पूजा कसली? मंग ती मोकळीच हाय. साऱ्या गावात येकटी मोकळी.”

हा युक्तिवाद माझाच होता. त्यात मला दोष सापडेना, कारण मी दोष राहू दिलेला नव्हता.

“ती... ती चालणार नाही,” मी म्हणाले. “इतकी वर्षं बंद आहे. आतलं रबर वाळलेलं असणार.”

“रबराचा पडदा माझ्या डिकीत आहे,” झहीर म्हणाला. “सुटे भाग पूजेत नसतात.”

“पेट्रोल नाही.”

“झहीरच्या स्कूटरमध्ये आहे,” जगदीश म्हणाला. हा माणूस माझ्या छपराखाली राहतो!

“ऑईल...”

“आणतो,” म्हणून मनोज पळालासुद्धा. जेसीबी हलवायचा नसला की हा मुलगा किती चपळ असतो!

तेवढ्यात जाळीतून घंटा घणघणली. “खबरदार! छायाताई, त्या करवतीला हात लावाल तर! माझ्यासाठी तिचं अस्पर्शितपण जाता कामा नये. मी उद्या सकाळपर्यंत इथेच थांबेन. उभ्यानं थांबेन!”

माझे डोळे पाणावले. ह्या कलियुगात, ह्या तालुक्यात, एका तत्त्वासाठी संडासात रात्र काढायला तयार असलेला माणूस! “ऐकलंत?” मी सर्वांना म्हणाले. “ह्याला निष्ठा म्हणतात.” झहीरने आभाळाकडे पाहिले. मोतीबाई म्हणाल्या, “त्यांना उशी द्यायची कशी पन?” मी जाळीतून बिस्किटे सरकवण्याची व्यवस्था लावू लागले. निष्ठेला खुराक लागतो. दोन बिस्किटे आत गेली. तिसरे घ्यायला हात आला नाही.

“छायाताई,” आवाज आता वेगळाच होता. घंटेच्या आत कोणी कापूस कोंबावा तसा. “वर काहीतरी आहे.”

“काय आहे?”

“कोपऱ्यात. काळं. लांब. वेटोळं घातलंय.”

अंगणातली सगळी माणसे जागच्या जागी थिजली. पाऊसपाण्यात आमच्याकडे साप घरात येतात, ही काही ऐकीव गोष्ट नाही.

“हलतंय का?” जगदीशने विचारले.

“हलतंय! शेपूट लोंबतंय!”

“धामण आसंल,” मोतीबाई म्हणाल्या. “कायबी करीत नाय बिचारी.”

“ती स्वतः तसं सांगत नाही!” आतून.

“फना हाय का बगा. फना आसला तर सांगा, लगेच कोयता उचलते.”

“अंधार आहे हो, बाई!”

“मंग हात लावून बगा...”

“मोतीबाई!” मी ओरडले. नाग असल्याशिवाय कोयता उचलता येत नव्हता आणि नाग आहे हे कळायला तो डसावा लागत होता. ज्ञान होईपर्यंत ज्ञाता उरणार नाही, अशी ही प्रमाणशास्त्रातली कोंडी माझ्या परसात, माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. हे वर्गात मी मोठ्या आनंदाने शिकवले असते. इथे मी मागे सरकून हौदाला टेकले. हा माणूस मेला तर पळसदरीत काय म्हणतील? करवत घरात होती. काचेत होती. किल्ली बाईंच्या गळ्यात होती.

“छायाताई,” आवाज आणखी बारीक झाला. “कापा.”

“काय म्हणालात?”

“कापा! करवत काढा!”

माझ्या भीतीच्या तळाशी एक थंड, जुनी चीड हलली. “भिवाजीराव, आपलं घागरीचं मत...”

“मागे घेतलं!”

“म्हणजे घराला आग लागली, तर जतन केलेल्या घागरीनं...”

“घागरीनं, हंड्यानं, पिंपानं, कशानंही मारा पाणी! माझ्या अंगावर येतंय ते!”

“छाया,” जगदीश म्हणाला. त्याने आयुष्यात मला कधी आज्ञा केली नव्हती. “कुलूप काढ.”

मी कुलूप काढले.

*

झहीरने अंगणात पोते अंथरले आणि तिला त्यावर ठेवले. मेणकागद त्याने फाडला नाही. बोटांच्या टोकांनी सोडवला आणि घडी करून माझ्या हातात दिला. हे मला आवडले नाही. शत्रूने शत्रूसारखे वागावे. त्याने पडदा बदलला, प्लग पुसला, ऑईल मिसळलेले पेट्रोल ओतले. पहिला थेंब टाकीत पडला तेव्हा मी तोंड फिरवले. कन्येची पाठवणी करताना आईला काय होत असेल ते मला मुलगी नसताना कळले.

“घ्या,” तो म्हणाला.

“मी?”

“तुमची आहे. पहिला हात तुमचाच. एका दोरीत चालू होईल बघा, मॅडम. जर्मन आहे.”

एका दोरीत चालू झाली नाही. मी दोरी ओढली, ओढली, ओढतच राहिले. करवत म्हातारीसारखी खोकली आणि गप्प झाली. आतून भिवाजीराव रामरक्षा म्हणू लागले. मधेच विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. माझा खांदा निखळायला आला. झहीर कपाळ पुसत म्हणाला, “हे असं व्हायला नको होतं.” मी एवढ्या दुःखातही हे वाक्य पाठ करून ठेवले.

“थांबा, तिला रागवा जरा,” मोतीबाई म्हणाल्या. “म्हशीला रागावलं की सोडते पान्हा.”

मी रागावले नाही. मी फक्त, अत्यंत शांतपणे, तिला म्हणाले की तुझ्यासाठी मी काय काय केले आहे. आणि दोरी ओढली.

जो आवाज झाला त्याने जांभळावरचे बगळे उडाले, मोतीबाईंचा कुत्रा पलंगाखाली गेला आणि भिवाजीरावांची रामरक्षा थेट शेवटच्या श्लोकावर पोचली!

“आधी टोकाला एक चकती काढून बघा!” झहीर ओरडला. “हात बसू दे!”

मी दात टेकवले. लाकडाने विरोध केला नाही. लोण्यातून सुरी जाते म्हणतात, तसेही नाही. लोणी निदान चिकटते. ओल्या जांभळाचा भुसा माझ्या पदरावर उडाला, तुरट वास आला, आणि ताटाएवढी गोल चकती सुटून माझ्या पायाशी लोळली. मला ते आवडले का? हा प्रश्न कृपया कोणी विचारू नये.

मग दोन काप. एक दाराजवळ, एक हौदाजवळ. मधला ओंडका धपकन पडला, दार सताड उघडले आणि मंडळाचे अध्यक्ष टोपीविना, एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात अर्धे बिस्कीट घेऊन, थेट मोतीबाईंच्या अंगणापर्यंत पळत गेले.

मनोज मोबाईलचा उजेड घेऊन आत शिरला. बराच वेळ काही आवाज नाही.

“मनोज रं!” मोतीबाईंचा आवाज फाटला. “बोल की!”

तो बाहेर आला. खांद्यावर बागेला पाणी घालायच्या काळ्या नळीचे वेटोळे होते. टोकाला पितळी तोटी, वाऱ्याने अजून डुलत होती.

“अरे!” जगदीशचा चेहरा उजळला. “ही मी गणपतीपासून शोधतोय!”

अंधारात दोरीला साप समजणे हा आमच्या शास्त्रातला सर्वांत जुना, सर्वांत झिजलेला दृष्टान्त. तो मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवीत असे. नंतर पुढचे कठीण भाग असत.

*

भिवाजीरावांनी तोंड धुतले, टोपी घातली आणि आता मात्र चहा घेतला. पोहेही घेतले. मोतीबाई करवतीपाशी गेल्या आणि काही कळायच्या आत तिच्या पट्टीवर हळदकुंकवाची दोन बोटे ओढून मोकळ्या झाल्या. “आता हिनं काम केलं,” त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. त्यांचे बरोबर असणे हे ह्या दिवसाचे एक दुखणेच झाले होते.

मग भिवाजीरावांनी पांढरे हातमोजे चढवले.

माझ्या मनात अजून आशा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. जीव वाचवला होता. तोही त्यांचा! सज्जन माणूस अशा प्रसंगी भिंग खिशात ठेवतो. भिवाजीरावांनी भिंग डोळ्याला लावले. साखळी पाहिली, दात पाहिले, टाकीचे बूच उघडून वास घेतला. आणि घंटा पूर्वीच्याच गांभीर्याने वाजली.

“वापरलेली आहे.”

“काय?”

“ही करवत वापरलेली आहे, छायाताई. अस्पर्शित म्हणता येणार नाही.”

“भिवाजीराव,” मी म्हणाले. माझा आवाज इतका शांत होता की जगदीशने कपबशी खाली ठेवली. “ती आपल्यासाठी वापरली.”

“निःसंशय. मी स्वतः ऐकलं ना चालताना.”

“आपणच म्हणालात, कापा!”

“म्हणालो. भीतीनं म्हणालो. पण माझी भीती हा करवतीचा गुणधर्म कसा होईल?” त्यांनी हातमोजे काढून नीट घडी केली. “‘पहिला वापर कोणत्या कारणानं झाला हे यंत्राला ठाऊक नसतं.’ मंडळाच्या अंकातलं आपलंच वाक्य आहे. मी पाठ केलंय.”

झहीर हसेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिले. तो हसत नव्हता. उलट, चिडून भिवाजीरावांना म्हणाला, “काका, अहो काही शरम? बाईंनी जीव वाचवला तुमचा!”

“नळीपासून,” भिवाजीराव म्हणाले.

आणि इथे, वाचकहो, मी जिंकले. कारण मला कबूल करावे लागले की युक्तिवाद निर्दोष होता. तो माझा होता. मी भिवाजीरावांना फाटकापर्यंत पोचवले, नमस्कार केला आणि म्हणाले, “आपला निवाडा योग्य आहे. पुन्हा येऊ नका.”

झहीरने जाताना करवत पुसून दिली. “मॅडम, प्रदर्शनात माझ्या रांगेत ठेवा. चालणाऱ्यांच्यात. शोभेल.”

“विचार करते,” मी म्हणाले. तो बिचारा ह्याचा अर्थ होकार असा घेऊन गेला. करवत हल्ली कपाटात नसते. मागच्या पडवीत असते, इतर तिघींबरोबर. मी कधीतरी, घरी कोणी नसताना, जांभळाच्या उरलेल्या फांद्या कापते. त्या कापायच्याच असतात. त्याचा मतपरिवर्तनाशी काही संबंध नाही.

कपाट मात्र रिकामे राहिले नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा कापलेली ती जांभळाची चकती! अशी वस्तू जगात एकच असू शकते. पहिली चकती पुन्हा कोणालाही, कोणत्याही उपायाने निर्माण करता येणार नाही. मी ती वाळवली, कडा हाताने पुसल्या, मखमलीवर ठेवली आणि खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले, ‘अप्रज्वलित. जपून ठेवण्यासाठी.’ कुलूप लावले नाही. लाकडाला कोण हात लावणार? मंडळात ह्या नव्या वर्गवारीचा ठराव मी मांडणार होते, आणि मुद्दे इतके पक्के होते की झहीरच काय, भिवाजीरावही बोलू शकले नसते.

परवा अचानक थंडी पडली. सकाळी अंघोळीला गेले तर पाणी नेहमीपेक्षा बरेच कढत होते. न्हाणीघराच्या बाहेर बंब शिलगावून जगदीश समाधानाने हात शेकत बसला होता.

“कसं आहे पाणी?” त्याने विचारले. “पडवीतली लाकडं ओली होती गं. नशीब, एक तरी मस्त वाळलेलं घरात सापडलं!”

मी कपाट पाहून आले, मखमल रिकामी होती. पाणी, खरे सांगायचे तर, उत्तम होते.